घागरी मोडीत जाण्याआधी

म्हसवड नगरपरिषदेचे नगराध्यक्ष, सर्व नगरसेवक-नगरसेविका आणि मुख्याधिकारी यांना खुले पत्र



राज्यातल्या अनेक नगरपरिषदांच्या आवारात, बागेत किंवा चौकात आता टाकाऊ वस्तूंचं एखादं शिल्प दिसतं. टायर कापून केलेला मोर, बाटल्यांचं झाड, सायकलच्या चाकांची कमान. स्वच्छ सर्वेक्षणानं आणि २०२० पासून सुरू झालेल्या माझी वसुंधरा अभियानानं पालिकांना कचऱ्याकडे नीट बघायला लावलं, हे चांगलंच झालं. आज ना उद्या आपल्या सभेपुढेही असा विषय येईल. कुणीतरी छायाचित्रांची फाइल घेऊन येईल, तीतून सिंह, घोडा किंवा गरुड निवडला जाईल, लोखंड कुठल्यातरी औद्योगिक वसाहतीतून टनाच्या भावानं येईल आणि फीत कापली जाईल. तसं होण्याआधी हे पत्र आपल्या हाती पडावं म्हणून लिहिते आहे.

माझं म्हणणं थोडक्यात सांगते. म्हसवडला असं शिल्प उभं राहणार असेल तर ते माणदेशानं पाणी आणण्यासाठी आणि पाण्यावाचून दिवस काढण्यासाठी वापरलेल्या वस्तूंचंच असावं. त्या वस्तू आज घराघरांतून भंगारात चालल्या आहेत. आणखी काही वर्षांनी पैसे मोजूनही त्या मिळणार नाहीत.

त्या का चालल्या आहेत, हे आपल्याला माहीतच आहे. याच सातारा जिल्ह्याच्या एका टोकाला महाबळेश्वर आहे, जिथं पावसाळ्यात घराबाहेर पडता येत नाही. दुसऱ्या टोकाला आपण, जेमतेम पाचशे मिलिमीटरचे धनी, आणि त्यातलाही मोठा वाटा परतीच्या पावसाचा. कुळकजाईच्या डोंगरात उगम पावणारी माणगंगा वर्षातले कितीतरी महिने नुसती वाळू असते. पण गेल्या काही वर्षांत चित्र बदलू लागलं. उरमोडीचं पाणी तालुक्यात आलं. जिहे-कठापूर योजनेतून कृष्णेचं पाणी नेरच्या तलावात आणि तिथून आंधळीच्या धरणात पोचलं. पलीकडे आटपाडीला टेंभूचं पाणी आलं. ते आपोआप आलेलं नाही. क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडींनी तेरा दुष्काळी तालुक्यांची पाणी परिषद उभी केली आणि आटपाडीच्या मेळाव्यांना माणसं भाकरी बांधून चालत गेली. आता काही शिवारांत पाट वाहतो आहे, बऱ्याच गावांत दारात नळ आहे. सगळीकडे नाही, उन्हाळ्यात टँकरची वाट बघणाऱ्या वाड्या-वस्त्या अजून आहेत. पण जिथं नळ आला तिथली पहिली गोष्ट कुठली झाली? माळ्यावरच्या घागरी खाली उतरल्या आणि मोडीत गेल्या. तांब्या-पितळेला बरा भाव आहे. मुलीचं लग्न, पोराची फी, दवाखाना. ज्यांनी त्या विकल्या त्यांना मी दोष देणार नाही. भंगारवाल्याच्या काट्यावर घागर चढते तेव्हा तिचं फक्त वजन होतं, एवढंच मला सांगायचं आहे.

एक घागर हातात घेऊन बघा. मी प्लॅस्टिकची म्हणते आहे, पाणवठ्यावर सगळ्यात जास्त राबली ती हीच. बूड घासून घासून पांढरं पडलेलं असतं. एका बाजूला चीर गेलेली असते आणि ती चीर घरातल्याच बाईनं बुजवलेली असते. चुलीत उलथनं लाल होईपर्यंत तापवायचं, जुन्या बादलीचा तुकडा चिरेवर धरायचा आणि उलथन्यानं तो वितळवून वर पसरायचा. त्यामुळे हिरव्या घागरीवर लाल वळ दिसतो, निळ्यावर पिवळा. एकाच घागरीवर असे तीन-तीन वळ मी पाहिले आहेत. गळ्याला चिंधी किंवा सुतळी बांधलेली असते. रांगेत शंभर घागरी लागल्या की आपली ओळखता यावी म्हणून. कुणी नखपॉलिशनं अक्षर काढलेलं असतं, कुणी तापल्या खिळ्यानं फुली मारलेली असते. ही घागर नवी घेतली असती तर किती पैसे पडले असते? फार नाही. तरीही ती तीनदा सांधली गेली, कारण त्या घरात तेवढेही पैसे दुसरीकडे लागत होते. माणदेशाच्या दुष्काळाचा याहून खरा पुरावा कुठल्या सरकारी अहवालात सापडणार नाही.

आणि तांब्या-पितळेची असेल तर तिच्या गळ्याखाली नाव असतं. भांड्यांच्या दुकानात ठिपक्या-ठिपक्यांनी घातलेलं. कुणी कुणाच्या लग्नात दिली, मामानं की आत्यानं, गाव कुठलं, तारीख कुठली. माझ्या आईच्या कळशीवर तिच्या माहेरच्या गावाचं नाव होतं. सासरी आयुष्य काढलेल्या बाईच्या माहेराची घरात उरलेली ती एकच लेखी खूण होती. आपल्याकडच्या कितीतरी बायकांचं नाव सातबाऱ्यावर कधी लागलं नाही, घराच्या पाटीवरही नाही. ते लागलं ते पाण्याच्या भांड्यावर. ती भांडी मुशीत जातात तेव्हा ती नावंही जातात.

ब्रिटनमध्ये अल्फी ब्रॅडली या शिल्पकारानं एक लाख सुऱ्या-चाकूंचा सत्तावीस फुटी देवदूत घडवला. ‘नाइफ एंजल’ या नावानं तो ओळखला जातो आणि २०१८ पासून तो शहरोशहरी नेला जातो. त्यातली पाती देशभरातल्या पोलिसांनी जमा केलेली होती. काही गुन्ह्यांतली, काही लोकांनी आपणहून आणून टाकलेली. ज्यांची मुलं सुरीहल्ल्यात गेली त्या कुटुंबांना शिल्पकारानं बोलावलं आणि पंखांच्या पात्यांवर आपल्या माणसासाठी चार शब्द कोरायला सांगितले. त्या शिल्पाचं बळ त्याच्या उंचीत नाही. एखादी आई येते, पंखातलं एक पातं शोधते आणि तिथं उभी राहते, यात ते आहे. त्यांना नावं नव्यानं कोरावी लागली. आपल्याकडे ती आधीच कोरलेली आहेत. फक्त ती भट्टीत जाण्याआधी थांबवायची आहेत.

आपल्या देशातलं या प्रकारचं सगळ्यात मोठं काम चंडीगडला आहे. नेकचंद सैनी हे तिथल्या सार्वजनिक बांधकाम खात्यातले रस्ते निरीक्षक. नवं शहर वसवण्यासाठी जुनी गावं उठवली जात होती. १९५७ च्या सुमारास त्यांनी त्या गावांच्या ढिगाऱ्यातून फुटक्या बांगड्या, कपबश्यांचे तुकडे, मडकी, विजेची सॉकेटं, सायकलचे सांगाडे गोळा करायला सुरुवात केली आणि राखीव जंगलात, कुणाला न सांगता, रात्री-अपरात्री त्यांतून माणसं, बायका, जनावरं घडवली. अठराएक वर्षांनी ते उघडकीला आलं. कायद्यानं ते पाडायलाच हवं होतं. प्रशासनानं शहाणपण दाखवलं, १९७६ मध्ये ती जागा लोकांसाठी खुली झाली आणि नेकचंदना मजूर व पगार देऊन पुढचं काम करू दिलं. पुढे त्यातला काही भाग पाडायची वेळ आली तेव्हा चंडीगडचे लोक आडवे उभे राहिले. नीट नियोजन केलेल्या त्या शहरात लोकांनी जिवापाड जपलेली जागा निघाली ती उठवलेल्या गावांच्या बांगड्यांची. याचं कारण शोधावं लागत नाही. त्या बांगड्या तिथल्याच होत्या.

दिल्लीला २०१९ मध्ये महापालिकेनं ‘वेस्ट टू वंडर’ नावाची बाग केली. जगातली सात आश्चर्यं, सगळी भंगारातून. दीडशे टन लोखंड लागलं. कारागिरी उत्तम आहे, गर्दी होते, तिकिटाचे पैसेही येतात. तरी आयफेल टॉवर पाहून बाहेर पडणाऱ्या माणसाला दिल्लीबद्दल काय कळलं, या प्रश्नाला त्या बागेत उत्तर नाही. याउलट आपल्याच राज्यात सेवाग्रामला चरखागृहाच्या परिसरात जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या कलावंतांनी भंगार लोखंडातून गांधीजींचा आणि विनोबांचा पुतळा घडवला. गांधीजींचा तिसाहून अधिक फूट उंचीचा आहे. वापरलेल्या पाकिटांच्या कोऱ्या बाजूवर मजकूर लिहिणाऱ्या माणसाचं शिल्प टाकाऊ वस्तूंतून व्हावं, यात वस्तू आणि विषय यांचं नातं आहे. मला तेवढंच हवं आहे: वस्तू आणि जागा यांचं नातं. ते नसेल तर मग भंगारच काय, संगमरवर आणला तरी चौक मुकाच राहील.

आता आकाराविषयी. शिल्प म्हटलं की आपल्या मनात पहिल्यांदा उंची येते. मला वाटतं, म्हसवडनं उंचीचा नाद सोडावा. डोक्यावर घागर घेतलेली सुंदर बाई तर मुळीच नको. तसले पुतळे हॉटेलांच्या दारात खूप आहेत आणि ज्यांनी घागरी वाहिल्या त्यांच्या मानेचं दुखणं त्यांत कधी दिसलेलं नाही. माणदेशाचा दुष्काळ उभा नव्हता, आडवा होता. तो रांगेत होता. टँकर दुपारी येणार असला की पहाटेच घागरी नंबराला लागायच्या. घागर, कळशी, मग टिपाड, मग जर्मनचं पातेलं, मध्येच कुणाची तरी चप्पल किंवा दगड, कारण भांडं घरी भरलेलं असायचं आणि नंबर तर सोडायचा नसायचा. ती रांग वळसे घेत विहिरीपासून वाडीपर्यंत जायची. माणसं सावलीला बसायची आणि भांडी उन्हात आपापल्या मालकिणीची जागा धरून उभी राहायची. हेच आपलं शिल्प आहे. ते घडवायला कल्पनाशक्ती ताणायची गरज नाही, आपण ते रोज पाहिलेलं आहे. एसटी स्टँडकडून सिद्धनाथाच्या देवळाकडे जाणाऱ्या वाटेच्या कडेनं, रथाचा मार्ग मोकळा ठेवून, भांड्यांची एक लांबच लांब रांग. कमरेपर्यंतच्या उंचीची. पोरांना हात लावता येईल आणि म्हातारीला वाकून आपली घागर शोधता येईल अशी.

उंचीला माझा विरोध केवळ आवडीचा नाही. मालवणला राजकोट किल्ल्यावरचा पुतळा २६ ऑगस्ट २०२४ रोजी कोसळला; उद्घाटनाला नऊ महिनेसुद्धा झाले नव्हते. आपल्या भागातही उन्हाळ्यात वावटळी सुटतात, वळवाचा वारा पत्रे उडवतो. भंगारातून उंच काम करायचं तर सांधे, पाया, गंज सगळ्याचा हिशेब कडक ठेवावा लागतो. असं काम होत नाही असं नाही. लॉस एंजेलिसच्या वॉट्स भागात सायमन रोडिया या फरशीकाम करणाऱ्या मजुरानं १९२१ ते १९५४ अशी तेहतीस वर्षं एकट्यानं, लोखंडी सळ्या, जाळी आणि सिमेंटवर फुटक्या बाटल्या, कपबश्या, शिंपले बसवत मनोरे उभे केले. सर्वांत उंच मनोरा शंभर फुटांच्या जवळ जातो. शहरानं ते धोकादायक ठरवून पाडायचं ठरवलं. नागरिकांनी आधी चाचणी घ्या म्हणून आग्रह धरला. १९५९ मध्ये क्रेन लावून दहा हजार पौंडांचा ताण दिला, तेव्हा मनोऱ्याला काही झालं नाही, क्रेननंच हात टेकले. पण तिथं तेहतीस वर्षांचा धीर होता. आपल्याकडे कामाला मार्चअखेर असते. मार्चअखेरीच्या घाईत उंच काही उभारू नका, ही कळकळीची विनंती.

रांगेत काय काय यावं, याचा मी बराच विचार केला आहे. घागरी तर हव्यातच. त्यांच्याबरोबर जुन्या मोटेची चाकं हवीत, लोखंडी मोट हवी, कण्याचं लाकूड मिळालं तर तेही हवं. हापशाचे दांडे हवेत. धरून धरून त्यांची मूठ आरशासारखी झालेली असते. फेल गेलेल्या बोअरचे केसिंग पाइप हवेत. ते फार महत्त्वाचे आहेत. आपल्या तालुक्यात जमिनीखाली पुरलेलं कर्ज मोजायचं असेल तर हे पाइप मोजावेत. एका शेतकऱ्यानं एका हंगामात बोअरमागून बोअर मारावी आणि धुरळ्याशिवाय काही वर येऊ नये, अशी घरं प्रत्येक गावात आहेत. जळालेल्या मोटारी, तुकडे पडलेल्या ठिबकच्या नळ्या, उन्हानं तडकलेली टिपाडं हवीत.

छावणीची मेख हवी. २०१२-१३ च्या आणि २०१८-१९ च्या दुष्काळात म्हसवडच्या माळावर चारा छावण्या पडल्या, त्या आपल्या डोळ्यांदेखतच्या आहेत. २०१९ च्या जानेवारीत माणदेशी फाउंडेशननं सुरू केलेल्या छावणीत हजारो जनावरं होती आणि त्यांच्यामागे आलेली घरंच्या घरं शेडनेटखाली राहत होती. म्हातारी माणसं जनावरांपाशी, पोरं गावाकडं शाळेसाठी, कर्ता माणूस मुंबईला किंवा ऊसतोडीला. खिलारांच्या माणदेशात उसाच्या वाढ्यावर जनावरं जगवली. तिथल्या मेखा, दाव्यांच्या कड्या, पाण्याच्या पत्र्याच्या टाक्या अजून कुणाच्या ना कुणाच्या गोठ्यात पडून असतील.

आणि टिकाव, फावडी, घमेली हवीत. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या हातांतले हातोडे कुणी जपले असतील तर ते आधी हवेत. तसंच आत्ताआत्ताचे टिकावही. २०१८ च्या पाणी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेत आपल्या तालुक्यातलं टाकेवाडी राज्यात पहिलं आलं. पंचेचाळीस दिवस उन्हातान्हात, रात्री चांदण्यात, माणसांनी सलग समपातळी चर खणले. झिजून अर्धं झालेलं ते घमेलं या रांगेत असलंच पाहिजे. नाहीतर पाहणाऱ्याला वाटेल, माणदेशानं नुसती वाट पाहिली. माणदेशानं वाट पाहिली आणि खणलंही. शिखर शिंगणापूरला चैत्रात मुंगी घाटाची उभी चढण चढून देवासाठी पाण्याच्या कावडी नेतात. पाणी वाहून नेणं हे इथं कष्टाचं काम आहे तसंच ते मानाचंही आहे, आणि शिल्पात दोन्ही दिसलं पाहिजे.

हे करणार कोण? मुंबई-पुण्याचा चांगला शिल्पकार बोलवा, त्याला योग्य मानधन द्या, मांडणी त्याच्या नजरेनं होऊ द्या. पण हात इथले असू द्या. माणदेशी फाउंडेशनच्या चेतना सिन्हा यांनी अनेकदा सांगितलेली हकीकत आपण ऐकली असेल. रस्त्याकडेला उघड्यावर राहून लोहारकाम करणाऱ्या एका बाईला पावसाळ्याआधी निवाऱ्यावर घालायला प्लॅस्टिकचा कागद घ्यायचा होता, त्यासाठी थोडे थोडे पैसे साठवायचे होते आणि बँक तिचं खातं उघडायला तयार नव्हती. त्या नकारातून १९९७ मध्ये म्हसवडला माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. म्हणजे या गावाचं नाव जगात ज्या संस्थेनं नेलं तिच्या मुळाशी लोखंडाचं काम करणारी एक बाई आहे. आपल्या शिल्पाचे सांधे आपल्याच लोहारांनी, आपल्याच वेल्डिंगच्या दुकानांतल्या पोरांनी जोडले नाहीत तर ते काम अपुरं राहील. शिवाय आटपाडी-खानापूरची गलाईवाली माणसं आहेत. दुष्काळानं गाव सोडायला लावलं म्हणून ती देशभर पांगली आणि सोन्या-चांदीच्या मुशीपुढे बसली. धातू किती तापला की काय होतं, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक आहे? मार्गशीर्ष प्रतिपदेच्या रथाला बाहेरगावी गेलेला माणदेशी माणूस परत येतो. त्या दिवशी त्यांनाही बोलवा. त्यांच्या आयांच्या घागरी कुठल्या माळ्यावर आहेत, हे त्यांना ठाऊक असेल.

माणदेशाला एकत्र येऊन काही बांधणं नवं नाही आणि कलेचं वावडंही नाही. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’त धनगरांची उघडी-बोडकी वाडी श्रमानं तालीम बांधते आणि तिच्यासाठी औंधचे राजे येतात. ते औंध शेजारच्या खटाव तालुक्यातलं. तिथल्या चित्रकार राजानं, बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी, १९३८ मध्ये डोंगरावर संग्रहालय उघडलं. त्यात हेन्री मूरचंही शिल्प आहे. दुष्काळी मुलखाला शिल्प कशाला, असं म्हणणाऱ्यांनी एकदा तो डोंगर चढून यावं.

काही व्यवहाराच्या गोष्टी, कारण त्या कुणी सांगत नाही आणि मग शिल्पाची दोन वर्षांत अडगळ होते. प्रत्येक भांड्याच्या बुडाला भोक पाडा. पावसाचं पाणी साठलं तर तिथं डासांच्या अळ्या होतील आणि डेंग्यूच्या साथीत पहिल्यांदा हेच शिल्प हलवायची वेळ येईल. प्लॅस्टिक उन्हात ठेवू नका. ते ठिसूळ होतं, त्याचा भुगा मातीत जातो. प्लॅस्टिकच्या घागरींसाठी छपराखालचा टप्पा करा. तांबं आणि लोखंड थेट एकमेकांना टेकवून जोडलं तर पावसाळ्यात लोखंड झपाट्यानं गंजतं, मध्ये रबराची किंवा नायलॉनची चकती हवी. पत्र्याच्या कडा वळवून घ्या, पोरं चढणारच. नाव असलेली तांब्या-पितळेची भांडी उघड्यावर ठेवाल तर ती चोरीला जातील. ती नगरपरिषदेच्या वाचनालयात किंवा सभागृहात भिंतीवर लावा आणि रांगेचं दुसरं टोक तिथं आणून सोडा. नदीपात्रात काही बांधू नका. माणगंगा वर्षभर कोरडी दिसते, पण येते तेव्हा एका रात्रीत येते.

सगळ्यात महत्त्वाची आहे ती वही. भांडं घेताना नोंद करा: कुणाचं, कुठल्या वाडीचं, किती लांबून पाणी आणत होता, कुठल्या सालापर्यंत. बोलणाऱ्या बाईचा आवाज नोंदवा. आपल्याकडे माणदेशी तरंग वाहिनीसारखं गावाचं रेडिओ केंद्र आहे, माध्यमिक शाळा आहेत, कॉलेजं आहेत. ही मुलं हे काम आनंदानं करतील. प्रत्येक भांड्याखाली एक क्रमांक आणि वाचनालयात त्या क्रमांकाची गोष्ट. ज्या घरात अजून घागर लागते तिथली घागर मागू नका, आणि उन्हाळ्यात तर गोळा करायला निघूच नका. दिवाळीची साफसफाई होते तेव्हा जा. ज्याला मोडीचा भाव हवा असेल त्याला तो द्या. गरिबानं फुकट द्यावं ही अपेक्षा बरोबर नाही.

कुणी म्हणेल, अजून वाड्यांना पाणी नाही आणि तुम्ही शिल्पाचं काय घेऊन बसलात. हा आक्षेप खरा आहे. टँकरचा, पाइपलाइनचा, नाल्याच्या खोलीकरणाचा एक रुपया जरी इकडे वळणार असेल तर हे पत्र फाडून टाका. पण दुसरीही एक गोष्ट डोळ्यांपुढे आहे. पाणी आलं तिथं ऊस आला. पाटाच्या तोंडाशी असलेल्यानं पाणी उपसलं आणि शेपटाच्या शेतकऱ्यापर्यंत ते पोचेना. कालपर्यंत घागरीसाठी भांडलेलं गाव आज पाळीवरून भांडतं आहे. ज्या पिढीनं कधी रांग पाहिली नाही ती पाण्याचा हिशेब कशावरून ठेवील? समन्यायी वाटपाची मागणी याच भागातून उठली, तेरा तालुक्यांच्या मेळाव्यातून ती गाजली. ती मागणी ज्या भांड्यांमुळे करावी लागली, ती भांडी पाणीवाटपाच्या प्रत्येक बैठकीला जाणाऱ्याच्या वाटेत असावीत, असं मला मनापासून वाटतं.

येत्या सर्वसाधारण सभेत हा विषय घ्या. दहिवडी आणि आटपाडीच्या नगरपंचायतींनाही सामील करून घ्या. दुष्काळानं सातारा आणि सांगलीची हद्द कधी पाळली नव्हती. निविदा काढायच्या आधी एवढं करा: गावातल्या आणि बाजारपेठेतल्या भंगार दुकानदारांना बोलावून सांगा, की नाव घातलेली घागर, मोटेचं चाक किंवा छावणीची मेख आली तर ती तोडू नका, बाजूला ठेवा, नगरपरिषद मोडीचा भाव देऊन ती घेईल. त्याला कुठल्या मंजुरीची वाट बघावी लागत नाही आणि ते उद्यापासून करता येतं.

आपली,
माण तालुक्यातली एक रहिवासी